पद्माबाईनं माती भाजली

डांबरी रस्त्यावर टँकर उलटला तेव्हा पद्माबाई तातेराव पाटलाच्या मळ्यात हळदीच्या कढईपुढं उभी होती. दोन हजार चार साल, होळीला आठ दिवस राहिलेले. कढईत ओली हळद, हळदीवर हळदीचाच पाला, पाल्यावर भिजवलेली गोणपाटं आणि खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ. हळद शिजली की नाही हे सांगायला डोंगरकड्याच्या शिवारात लोक पद्माबाईलाच बोलवायचे. ती गोणपाटाचा एक कोपरा उचलायची, वाफ नाकात घ्यायची आणि म्हणायची, "अजून वाईच." नाहीतर म्हणायची, "वढा जाळ." संपलं. कोणाला खात्री करायची असली तर करा म्हणावं काडी टोचून. काडीही तेच सांगायची.

तीस साल दुसऱ्याची हळद शिजवून बाईची नखं पिवळी झाली होती. पण स्वतःच्या रानात हळदीचं एक कांडकं तिनं कधी लावलं नव्हतं. रान असेल तर लावील ना!

रान मिळालं ते गायरानातलं. तिच्या नवऱ्यानं, जळबानं, उभी जवानी तिथले दगड वेचण्यात घातली, मग कुठं पट्टा नावावर झाला. दीड एकर, आणि सगळं मुरमाड. कुदळ मारली की ठिणगी उडायची. फक्त तळाला, रस्त्याच्या मोरीखाली, चार गुंठे काळी माती होती. वरच्या लोकांच्या शेतातून वाहून आलेली आणि तिथं येऊन बसलेली. तिच्या कडेलाच गेल्या साली विहिरीला पाणी लागलं. लागलं म्हणजे काय, चार गुंठे भिजतील एवढंच. पण पद्माबाईला तेवढंच पाहिजे होतं. या हंगामात तिनं पाटलाला स्पष्ट सांगितलं, "पाटील, मजुरी आर्धीच द्या. बाकीचं बेणं द्या मला, लागनीला."

"बेणं? कुठं लावतीस? चुलीमागं?" तातेराव हसला होता. पण दिलं. दोन पोती, निवडक गड्डे. माणूस तोंडाचा फाटका होता, मापाचा खोटा नव्हता. फक्त त्याच्या घरी तिच्या चहाचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि तो कप विसळून परत तिथं ठेवायचं काम तिचंच असायचं.

तर त्या दिवशी जाळ ओढायच्या वेळेला सून, सरिता, धापा टाकत आली. "आत्या, चला. आपल्या रानात टँकर पडलाय."

"मानूस मेला का?"

"न्हाई. डायवर पळाला. डिझेल सांडून राहिलंय, समदं आपल्या हळदीच्या रानात."

पद्माबाई पोचली तेव्हा रानात जत्रा भरली होती. लोक कॅन, घागरी, कळश्या घेऊन आले होते, एकजण तर लेकराची आंघोळीची बादली घेऊन. टँकर मोरीच्या कठड्यावर आडवा, पोट फाटलेलं, आणि डिझेल उताराला लागून बरोबर त्या चार गुंठ्यांत साचलेलं. खोलगट जागा; चांगली माती जिथं येऊन बसते तिथंच वाईटही येऊन बसतं. लोक वाटी-वाटीनं भरून घेत होते आणि भुसभुशीत केलेली जमीन तुडवत होते. जळबा मधे उभा राहून ओरडत होता, "आरं, पाय काढा! लागनीचं रान हाय ते!" कोण ऐकतो. एकानं उलट त्यालाच सांगितलं, "जळबा, तू बी भर की दोन कॅन. घरचं हाय तुझं."

संध्याकाळी जमादार आला. त्यानं रस्त्यावर उभं राहूनच विचारलं, "उभं पीक होतं का?"

"न्हाई साहेब, हळदीसाठी मोकळं ठेवलं होतं. वलवून ठेवलं होतं," जळबा म्हणाला.

"म्हणजे पिकाचं नुकसान निरंक." त्यानं तसंच लिहिलं आणि जळबाचा अंगठा घेतला. जळबाला सही येत होती. पण शाईचा डबा पुढं आला आणि त्यानं मुकाट्यानं अंगठा बुडवला. हे पद्माबाईच्या मनाला डिझेलपेक्षा जास्त लागलं.

टँकरचा मालक हैद्राबादकडचा निघाला आणि पुढं त्याचं नावच निघालं नाही. रत्नपाल, तिचा मुलगा, नांदेडला ऑटो चालवायचा. त्यानं दोनदा कचेरीत खेटे घातले आणि सोडून दिलं.

पद्माबाईनं रानाच्या एका कोपऱ्यात मेथी टाकून बघितली. मेथी म्हणजे चौथ्या दिवशी तोंड काढणारी जात. आठ दिवसांनी उकरलं तर दाणे काळे, फुगून सडलेले. ताटात पाणी घेऊन त्यात मूठभर माती टाकली की पाण्यावर सात रंगांचा तवंग पसरायचा. दिसायला देखणा होता मेला.

तातेराव एकदा मोटारसायकल थांबवून बोलला, "पद्माबाई, ते बेणं आणून दे परत. वाळून जाईल घरात. पुढल्या साली देतो तुला दुसरं."

"पुढल्या साली इहिरीत पानी ऱ्हाईल का, सांगा."

"ते मी काय सांगू?"

"मंग बेणं ऱ्हाऊ द्या."

बोलून गेली खरी. पण घरात येऊन पोत्यावरचा कडुनिंबाचा पाला बाजूला केला तर गड्ड्यांना डोळे फुटायला लागलेले. मिरगाच्या आत जमिनीत गेले तर गेले, नाहीतर उकिरडा. जळबा म्हणत होता, माती काढून टाकू आणि तळ्यातला गाळ आणून भरू. गाळ ज्याच्याकडं ट्रॅक्टर होता त्याच्या शेतात जात होता. जळबाकडं होतं एक टोपलं. आणि काढलेली माती टाकायची कुठं? ज्याच्या बांधावर टाकावी तो काठी घेऊन येणार.

वाट दाखवली ती चुलीनं. एका दुपारी सरितानं त्याच रानात तीन दगड मांडून चहा ठेवला. काडी ओढली तशी चुलीच्या भोवतीची माती भप्पकन पेटली. सरिता किंचाळून मागं सरली. निळसर जाळ चुलीभोवती थोडा वेळ नाचला आणि विझला. चहा झाला, प्याला गेला. निघताना पद्माबाईनं दगड उचलले आणि सवयीनं खालची माती चिमटीत घेऊन हुंगली. मग दुसऱ्या जागची हुंगली. मग परत चुलीखालची.

"सरिते, ताट आन गं पान्याचं."

चुलीखालची माती पाण्यात टाकली. पाणी गढूळ झालं. जळबाही आला आणि तिघं ताटाभोवती उकिडवे बसले. गाळ खाली बसला, वर तवंग नाही.

"जाळानं उडून गेलं की वो," पद्माबाई म्हणाली. "धुतल्यानं जाईना, उनानं जाईना, जाळानं गेलं."

जळबानं चार गुंठ्यांवरून नजर फिरवली. "आता एवढ्या रानावर चुली मांडतीस का काय?"

"चुली काहून? कढई हाय ना."

तातेरावाला सांगितलं तर त्यानं मांडीवर थाप मारली. "माती भाजून खाता का काय रे तुमी लोक? अरे, ऐकलं का, पद्माबाई माती भाजून राहिली!" मळ्यातले गडी हसले. पण हळदीचा हंगाम उरकला होता, कढई उलटी घालून ठेवलेली. "ने," तो म्हणाला. "तडा गेला तर बघ मात्र. आणि पऱ्हाट्या बी ने, बांधावर पडल्यात. तशाच पेटवून द्यायच्यात मला."

कढई बैलगाडीत घालून आणली. दगडमातीची भट्टी रचली. काळी माती चार बोटं उकरून काढली, ढेकळं फोडली, दोन दिवस उन्हात पसरली आणि चैत्रातल्या एका सकाळी पहिला घाणा चढवला.

आणि इथं तीस सालांच्या हुशारीनं बाईला तोंडावर पाडलं. कढईत माल पडला की वर झाकण घालायचं, वाफ कोंडायची, हे तिच्या हाडात भिनलेलं. सरितानं विचारलंसुद्धा, "आत्या, मातीला झाकन कशाला?" तर तिलाच झापलं, "झाकल्याबिगर शिजतंय का काही? तू मला शिकीव आता." ओली गोणपाटं पसरली, कडा दगडानं दाबल्या आणि खाली जाळ असा घातला की पऱ्हाट्या तडतडायला लागल्या.

घटकाभरानं गोणपाटाच्या शिवणीतून पांढुरका धूर यायला लागला. "आता बघू," म्हणत जळबा वाकला आणि त्यानं कोपरा उचलला.

धडाड! एवढा मोठा जाळ कढईतून वर गेला की रस्त्यावरच्या जीपवाल्यानं ब्रेक मारला. जळबा पाठीवर पडला. गोणपाटं पेटली. पद्माबाई त्याला बगलेत धरून ओढायला लागली, तिच्या हातावरची लव जळाल्याचा वास आला. सरिता घागर घेऊन धावली.

"पानी नको! पानी नको, बाई!" रस्त्याकडून एक माणूस ओरडत उतार उतरला. त्यानं फावडं उचललं आणि कढईवर कोरडी माती टाकायला लागला, फावड्यामागून फावडं. जाळ दबला, काळा धूर राहिला, मग तोही विरला.

तो धर्मसिंग होता. पलीकडच्या तांड्यावरचा. बाळापूरच्या रस्त्याला डांबर प्लांट लागला होता तिथं तो ड्रमवर काम करायचा. धूर बघून त्याला वाटलं गाडी पेटली.

जळबा उठून बसला. भुवया नाहीत, मिशा अर्ध्या. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि हातात जळकी राख आली. "हाय का गं तोंड जाग्यावर?" त्यानं बायकोला विचारलं.

पद्माबाई आधी रडली, मग त्याच्या अर्ध्या मिशांकडं बघून हसली, मग परत रडली. "माझं चुकलं वो. झाकन माझंच."

धर्मसिंगानं सगळं ऐकून घेतलं. त्याला हसू आलं नाही, हे पद्माबाईनं ध्यानात ठेवलं. तो कढईभोवती फिरला, भाजलेली माती काडीनं उकरली. "बाई, बात बराबर हाय तुमची," तो म्हणाला. "आमच्या ड्रममधी खडी जाते, कधी डिझेल सांडलेली बी जाते. तापली की उडून जातं समदं. पण ड्रमला दोन तोंडं असतात. एकीकडून जाळ, दुसरीकडून वाफ. वाफ कोंडली का बॉम्ब होतो. हळदीला वाफ ठेवायची असते, हिला वाफ सोडायची."

"म्हंजी उघडीच भाजायची?"

"उघडी. पातळ थर, हालवत ऱ्हायचं. जाळ मंद. आन वाऱ्याकडं पाठ करून उभं ऱ्हायचं, धूर अंगावर घ्यायचा न्हाई. वल्ली गोनी लांब ठेवा, कोरड्या मातीचा ढीग जवळ."

"आन लई तापली तर?"

"वीट व्हती," धर्मसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम लागलं. कढईत पाच घमेली माती, चार बोटांचा थर. जळबा जाळ सांभाळायचा, पद्माबाई लांब दांड्याच्या दाताळ्यानं माती ओढायची, ढकलायची, उलथायची. शेंगदाणे भाजतात तसंच, फक्त शेंगदाण्यांपाशी चटका बसला तर फुंकर मारून भागतं. आधी मातीतला ओलावा जायचा, पांढरी वाफ. मग निळसर धूर सुरू व्हायचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मग धूर विरळ होत होत थांबायचा. थांबला की लगेच जाळ ओढायचा आणि माती बाहेर. तिसऱ्या दिवशी एक घाणा जाळावर जास्त राहिला, तर माती विटकरी होऊन कढईतून निघाली. पाण्यात टाकली तर खड्यासारखी तळाशी बसली. पद्माबाईनं ती मोरीच्या खड्ड्यात टाकून दिली आणि दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या.

सरिता प्रत्येक घाण्याची मूठ ताटातल्या पाण्यात टाकायची. तवंग आला की, "आत्या, हाय अजून." माती परत कढईत. नाही आला की बाजूला ढीग. दिवसाला सहा घाणे, कधी सात. वर उन्हाळ्याचं ऊन, पुढं भट्टी. दाताळ्याच्या दांड्यानं पद्माबाईच्या तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. दांड्याला तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. रात्री पाठ जमिनीला लागली की कूस बदलायची ताकद नसायची. जळबाच्या भुवया परत यायला लागल्या, एक आधी आली आणि एक मागून, त्यामुळं तो कायम कोणावर तरी संशय घेतल्यासारखा दिसायचा.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. "काय चाललंय?" "माती भाजून राहिलो." लोक पुढं जाऊन हसायचे. गावात त्यांना मातीभाजे नाव पडलं. पिठाच्या गिरणीत दळण घेऊन बसलेली पारुबाई म्हणाली, "काय गं, मीठमिरची टाकता का न्हाई त्येच्यात?"

"तुझ्यासाठी ठेवलीय एक ताट, ये जेवायला," पद्माबाईनं सांगितलं. तोंडाला ती कोणाला हार जाणारी नव्हती.

पण एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही. वैशाख लागता लागता तिचं नाक गेलं. गेलं म्हणजे बंद नाही झालं. त्यात डिझेल बसलं. भाकरी तोडली की डिझेल. लुगडं, पाणी, दूध, जळबाचं अंग, सगळ्याला तोच वास. पहिल्यांदा वाटलं हातालाच असेल, म्हणून हात राखेनं घासले. सरितानं भाकरीचं पीठ मळलं तरी तोच. भाजलेली माती हुंगली तर डिझेल, न भाजलेली हुंगली तर डिझेल. ज्या नाकाच्या जिवावर शिवारभर तिचं नाव होतं ते नाक आता काही सांगेना. ती गुपचूप सरिताच्या ताटावर विसंबून राहायला लागली. "तवंग न्हाई ना? बघ नीट," ती तीनतीनदा विचारायची, आणि सरिताला वाटायचं सासू आपल्यावर भरवसा ठेवत नाही.

मिरगाला बारा दिवस उरले तेव्हा शेवटचा घाणा निघाला. कढई धुऊन, खरडून, राखेनं घासून तातेरावाच्या मळ्यात पोचवली. तडा नव्हता. तातेरावानं कढईवर बोटं वाजवून बघितली आणि म्हणाला, "चला, माती शिजली. आता वाढा."

भाजलेली माती रानात पसरली, तर ती राखेच्या रंगाची, हलकी, मुकी दिसत होती. एक गांडूळ नाही, एक मुंगी नाही. जळबानं फावडं मारून खालची चांगली माती वर आणली आणि तिच्यात मिसळली. घरचं शेणखत होतं ते घातलं. धनगराचा वाडा शेजारी उतरला होता, त्याला चहा-भाकरी देऊन लेंडीखतासाठी दोन दिवस रानात मेंढरं बसवली. मग पाणी सोडलं. आणि पद्माबाईनं परत कोपऱ्यात मेथी टाकली.

ते चार दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. चौथ्या दिवशी सकाळी जळबा रानातून ओरडला. ती चप्पल न घालताच पळाली. मातीला बारीक चिरा पडल्या होत्या आणि चिरांतून हिरवी टोकं. ती खाली बसली, एक रोप उपटून तोंडात टाकलं आणि थुंकलं. चवीलाही तिला डिझेलच लागलं. पण रोप हिरवं होतं, ते कसं नाकारायचं?

"आता तरी हास की," जळबा म्हणाला.

"हासते ना," ती म्हणाली आणि खरंच हसली. निम्मी का होईना, छातीवरची धोंड उतरली होती.

त्याच आठवड्यात लागण झाली. वाळून वाळून बेण्यातलं पाव पोतं गेलं, बाकीचं लागलं. श्रावणात हळद गुडघ्याला आली, दिवाळीपर्यंत कमरेच्या वर. पानं रुंद, हिरवीगार. रस्त्यानं जाणारे आता थांबून हसायचे नाहीत. थांबून बघायचे आणि जायचे. धर्मसिंग एकदा मुद्दाम सायकल थांबवून खाली उतरला, पानांतून हात फिरवला. "बाई, आमच्या साहेबाला सांगितलं मी. मानना झाला. बोलला, कढईत होत न्हाई असं काम. म्या म्हटलं, चला, दाखीवतो." पद्माबाईनं त्याला बसवून दुधाचा चहा पाजला.

तरी तिच्या मनातली भीती जात नव्हती. पीक दिसतं हिरवं, पण कांडीच्या पोटात काय आहे? मातीतलं डिझेल कांडीनं ओढून घेतलं असलं तर? हळद म्हणजे लेकराच्या दुधात जाणारी, नवरीच्या अंगाला लागणारी वस्तू. तिला जर वास मारला तर कोणी फुकट घेणार नाही, आणि मातीभाजे हे नाव तर पिढ्यानपिढ्या राहील. ती पानं चुरगाळून हुंगायची. डिझेल. टँकर पडल्याला वर्ष होत आलं होतं, तरी डिझेल.

माघात हळद काढली. गड्डे मोठे, कांड्या बोटाएवढ्या जाड. तीच कढई परत आली, या वेळेला तातेरावाच्या गड्यानं आणून टाकली. पाणी, हळद, वर पाला, वर ओली गोणपाटं. या वेळेला झाकण बरोबर होतं. जाळ लागला, वाफ धरली. शिजत आल्याची वेळ झाली तसे सगळे पद्माबाईकडं बघायला लागले, आणि पद्माबाई विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली.

"आत्या, या की. वाफ घ्या."

"तू घे."

"मी? अवो, तुमी असताना मी काय..."

"मला वास येत न्हाई, सरिते!" ती एकदम ओरडली. "कशाचाच येत न्हाई. वैशाखापासून डिझेल बसलंय नाकात. काय सांगू कोनाला? हळद शिजवनारीचं नाक गेलं म्हनून सांगू?"

सरिता थबकली. तिला ताटातल्या पाण्याची, तीनतीनदा विचारण्याची आठवण झाली असावी. ती कढईपाशी गेली, कोपरा उचलला, वाफ नाकात घेतली. थोडं थांबून परत घेतली. "अजून वाईच, मामा," ती जळबाला म्हणाली. मग घटकाभरानं, "वढा जाळ." जळबानं काडी टोचली. काडी आरपार गेली.

"वास?" पद्माबाईनं लांबूनच विचारलं.

"हळदीचा, आत्या. खरंच."

"तुमी घरचे. तुमाला गोडच वास येनार."

तातेराव आला होता. त्यानं एक कांडी मोडली, हुंगली, दातानं चावली. "चांगली हाय की."

"पाटील, तुमी कवा खरं बोलता का?" ती म्हणाली.  गड्यांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आखाडा बाळापूरचा बाजार होता. पद्माबाईनं एक उकडलेली कांडी पदराच्या गाठीत बांधली आणि कोणाला न सांगता जीपमध्ये बसली. बाजारात तिनं ओळखीची सगळी माणसं टाळली. मसाल्याच्या ओळीत एक म्हातारी बसली होती, पुढं मिरच्यांचे, धन्यांचे, हळकुंडांचे ढीग. या गावची नाही, त्या गावची नाही, पद्माबाईनं तिला जन्मात बघितलं नव्हतं. तोंडावरून दिसत होतं, बाई खमकी आहे, कोणाची भीड धरणारी नाही.

पद्माबाई तिच्यापुढं बसली. गाठ सोडली.  "मावशी, हे बघा जरा. वास घ्या."

म्हातारीनं कांडी घेतली, मोडली, नाकाला लावली. "मंग?"

"कशाचा येतो?"

"कशाचा म्हंजी?"

"वास. कशाचा येतो वास?"

म्हातारीनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. मग परत हुंगलं, नखानं खरवडून हुंगलं. "हळदीचा! अगं बया, हळदीला हळदीचाच वास येनार, का अत्तराचा यील? भोवनीच्या टायमाला थट्टा करून राहिली का माझी?"

"अजून कशाचाच न्हाई? नीट बघा मावशी, तुमाला लेकराची आन हाय."

"चाळीस साल हळद इकते मी! मला शिकीवती का? चांगली, पोटात लाल, तेलाची हळद हाय. ये गं शेजारनी, बघ ही बाई, येड लागलं हिला. हळदीला वास कशाचा म्हनून इचारती!"

शेजारणीनंही हुंगलं आणि कपाळावर हात मारला. ओळीतल्या चार बायका हसायला लागल्या. आणि पद्माबाई तिथंच, मिरच्यांच्या ढिगापुढं, फतकल मारून बसली आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. "अजून एकदा म्हना, मावशी," ती म्हणाली. "शिव्या द्या पन म्हना."

म्हातारी आता जरा घाबरली. तिनं तांब्या पुढं केला. "पानी पी बाई. बरी हायस ना? कोनाची हाय ही हळद? घ्यायची का इकायची तुला?"

पद्माबाई पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं. मग पाठ सरळ केली.

"इकायची," ती म्हणाली. "माझी हाय. माझ्या रानातली."